दान आणि दाद : माणेकजी हातारिया यांचे इराणातील कार्य

सातारा-सांगलीकडचा माणूस पहिल्यांदा पुण्याला किंवा मुंबईला गेला, की त्याच्या आठवणीत दोन गोष्टी हटकून राहत : एक गाड्यांची गर्दी आणि दुसरी कोपऱ्यावरचे इराण्याचे हॉटेल. संगमरवरी टेबले, काळ्या लाकडाच्या वाकड्या पाठीच्या खुर्च्या, बनमस्का आणि घट्ट दुधाचा चहा. गल्ल्यावर बसलेला तो गोरा, धिप्पाड, मोडके मराठी बोलणारा मालक कोठून आला, आपला मुलूख सोडून तो येथे का आला, हा प्रश्न चहा पिणाऱ्याला सहसा पडत नाही. या हॉटेलवाल्यांत शिया मुसलमान इराणी होते, तसेच जरथुष्ट्री इराणीही होते. आज मी बोलणार आहे ते यांतील दुसऱ्यांविषयी. पारशी माणसाशी साताऱ्याचा परिचय जुना आहे. साताऱ्याचे कारखानदार धनजीशहा कूपर हे १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे पंतप्रधान होते. १९५० नंतरची काही वर्षे ज्यांचा मुक्काम साताऱ्यात होता, ते मेहेरबाबा जन्माने पुण्याचे. पण त्यांचे वडील शेरियार इराणी यझ्दजवळच्या एका खेड्यातून हिंदुस्थानात आलेले. त्या यझ्दची आणि तेथील माणसांसाठी मुंबईत उभ्या राहिलेल्या एका फंडाची ही हकीगत आहे.

पारशी लोक इराणातून निघून गुजरातच्या किनाऱ्यावर संजाणला उतरले, हे आपण शाळेत शिकतो. पण सगळेच निघाले नव्हते. जे मागे राहिले, ते हळूहळू वाळवंटाच्या कडेला, यझ्द आणि केरमान या दोन शहरांच्या आसपास गोळा झाले. दोन्ही शाखांचा संबंध पार तुटला नव्हता. १४७८ पासून पुढे जवळजवळ तीनशे वर्षे गुजरातचे पारशी अधूनमधून एखादा माणूस इराणात पाठवीत आणि धर्माचारासंबंधीच्या शंकांची उत्तरे तेथील दस्तुरांकडून लिहून आणवीत. म्हणजे त्या काळी विचारणारे हिंदुस्थानचे आणि सांगणारे इराणचे. एकोणिसाव्या शतकात पारडे फिरले. मुंबईचा पारशी गलबते बांधू लागला, चीनशी व्यापार करू लागला, गिरण्या काढू लागला. इराणातला त्याचा भाऊबंद मात्र उद्याच्या भाकरीच्या चिंतेत होता.

हा फरक मुंबईला कळला तो पळून आलेल्या माणसांच्या तोंडून. १७९६ साली कैखुस्रो यझ्दयार नावाचा एक गृहस्थ आपल्या गुलेस्तान नावाच्या मुलीला घेऊन मुंबईस आला. मुलगी रूपवान होती. इराणात जरथुष्ट्री घरी रूपवान मुलगी असणे ही त्या दिवसांत भीतीचीच गोष्ट होती. कोणी बळजबरीने उचलून नेली, तर दाद मागण्याची सोय नव्हती. मुंबईस या गुलेस्तानबानूचा विवाह फ्रामजी भिकाजी पांडे या व्यापाऱ्याशी झाला. पुढे या नवराबायकोचे घर म्हणजे इराणातून येणाऱ्या निर्वासितांचा पहिला मुक्काम झाला. जो येई त्याला तेथे जेवण मिळे, कपडे मिळत, कामधंदा पाहून दिला जाई. गुलेस्तानच्या मुलांनी लहानपणापासून या पाहुण्यांच्या हकीगती ऐकल्या. आईच्या मुलखाची ही दुःखे त्यांना पुस्तकात वाचावी लागली नाहीत.

यांपैकी मेरवानजी फ्रामजी पांडे पुढे मोठे व्यापारी झाले. घरी आलेल्याला जेवू घालणे हा धर्म खराच. पण येणारे येतच राहतात, याचा अर्थ मुळात काही बिघडलेले आहे, हे या व्यापाऱ्याने ओळखले. १८५३-५४ च्या सुमारास त्यांनी इतर पारशी शेठियांना बरोबर घेऊन इराणातील जरथुष्ट्र्यांची स्थिती सुधारण्यासाठी एक मंडळी स्थापन केली. मंडळींचा पहिला निर्णय मला महत्त्वाचा वाटतो. पैसे गोळा करून ते हुंडीने पाठवून देणे सोपे होते. त्यांनी तसे न करता एक माणूस पाठविला. १८५४ साली मंडळींनी माणेकजी लिमजी हातारिया यांची आपले मुखत्यार म्हणून नेमणूक केली.

माणेकजी हे विद्वान दस्तुर नव्हते. त्यांचा जन्म १८१३ साली सुरतेजवळच्या मोरा सुमाली या गावचा. वयाच्या पंधराव्या वर्षापासून ते स्वतःची भाकरी स्वतः कमवीत होते. व्यापारी अडत्या म्हणून सिंध, मुलतान, फिरोजपूर असा मुलूख त्यांनी पायाखाली घातला होता. परक्या मुलखात कोणाला आधी भेटावे, कोणाला नजराणा द्यावा, कोणापुढे गप्प बसावे, कागद कसा लिहून घ्यावा, हे शिक्षण शाळेत मिळत नाही. ते या अडत्याजवळ पुरेपूर होते. मंडळींनी नेमका माणूस निवडला होता.

माणेकजी यझ्दला पोचले आणि त्यांनी प्रथम मोजणी केली. सबंध इराणात जरथुष्ट्री उरले होते सात हजारांच्या आसपास. त्यांतले बहुतेक यझ्द आणि भोवतालच्या खेड्यांत, थोडे केरमानला आणि अगदी मूठभर तेहरानला. एकेकाळच्या साम्राज्याचा हा शेष! त्यांची स्थिती कशी होती? घोड्यावर बसायचे नाही; गाढवावर बसलेले असले तरी मुसलमान समोरून आला तर उतरायचे. चांगल्या रंगाचे कापड अंगावर घालायचे नाही. घर उंच बांधायचे नाही. यझ्दच्या उन्हाळ्यात घर थंड ठेवण्यासाठी छपरावर वाऱ्याचे मनोरे बांधण्याची रीत आहे, पण तीही यांना बंद. पुष्कळसे व्यापारधंदे बंद. घरातील एखाद्याने धर्म बदलला, तर कुटुंबाच्या सगळ्या मिळकतीवर त्याचा हक्क लागे. म्हणजे भाऊच भावाला रस्त्यावर काढू शके. आणि या सर्वांवर कळस म्हणजे जिझिया. हा शब्द महाराष्ट्राला औरंगजेबाच्या १६७९ च्या फर्मानामुळे ठाऊक आहे. इराणात तो दर वर्षी माणशी वसूल होई. शहाच्या दप्तरी जो आकडा असे, त्याहून कितीतरी अधिक स्थानिक अंमलदार उकळीत. ज्याच्याजवळ नसे, त्याला मार बसे आणि त्याची बायकामुले छळाला सापडत. कित्येकांनी धर्म सोडला तो पटले म्हणून नव्हे. या वसुलीला कंटाळून सोडला.

माणेकजींच्या कामाचे दोन भाग पडतात. पहिला भाग दानाचा. यझ्द आणि केरमान येथील मोडकळीस आलेली अग्निमंदिरे त्यांनी दुरुस्त करविली. मृतांसाठी दगडी दोखमे बांधले. ज्या मुलींची लग्ने हुंड्यापांघरुणावाचून अडली होती आणि म्हणून ज्यांच्यावर संकट येण्याचा संभव होता, त्यांची लग्ने फंडाच्या खर्चाने लावून दिली. शाळा काढल्या. १८६५ च्या सुमारास तेहरानला वसतिगृहासह शाळा सुरू झाली. तिच्यात यझ्द-केरमानची मुले आणून ठेवली. गावात राहून ती शिकली नसती. कारण तेथे मुलाने हातात पाटी घेतली, तरी ते शेजाऱ्याच्या डोळ्यांत येई. शिकलेली मुले आपल्या गावी परतली आणि तेथे शिक्षक झाली. आपल्याच लोकांशीही माणेकजींचे खटके उडाले. तेथील काही जुन्या चाली त्यांना पटत नसत आणि ते तसे तोंडावर बोलत. परंतु हा माणूस पाहणी करून परत जाणारा पाहुणा नाही, हे लोकांना लवकरच कळले. त्यांनी तेथेच एका केरमानी स्त्रीशी विवाह केला, संसार थाटला आणि १८९० साली तेहरानातच देह ठेवला. गेले होते मुखत्यार म्हणून. राहिले ३६ वर्षे.

दानाच्या या भागातच एक पेच उभा राहिला. जिझियाच्या वसुलीच्या वेळी होणारा मार थांबवायचा कसा? मंडळींनी ठरविले, की गरिबांचा जिझिया फंडातून भरावा. मार थांबला. पण याचा दुसरा अर्थ काय झाला? मुंबईच्या शेठियांनी कळवळ्याने जमविलेला पैसा अखेर त्याच अंमलदारांच्या खजिन्यात जाऊ लागला, ज्यांच्या जुलमामुळे फंड काढावा लागला होता. जुलूम करणाऱ्याला आता एक खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले! संकटनिवारणाचे काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेपुढे केव्हा ना केव्हा हा प्रश्न येतो. मदत द्यावी, तर दुःखाचे कारण तसेच पोसले जाते. न द्यावी, तर समोरचा माणूस मरतो. माणेकजींचे मोठेपण असे, की त्यांनी यातली एक बाजू निवडून दुसरी सोडून दिली नाही. यझ्दला ते कर भरीत राहिले आणि त्याच वेळी तेहरानला कराविरुद्ध अर्ज करीत राहिले.

हा त्यांच्या कामाचा दुसरा भाग, दाद मागण्याचा. त्यांनी दरबारी ओळखी वाढविल्या. १८६० च्या सुमारास ब्रिटिश वकील सर हेन्री रॉलिन्सन यांच्या मध्यस्थीने त्यांना नासिरुद्दीन शहाची भेट मिळाली. फळ किती? वार्षिक जिझियात १०० तोमानांची सूट! दुसरा कोणी असता तर खट्टू झाला असता. या अडत्याने पहिला हप्ता पदरात पाडून घेतला आणि पुढचा तगादा चालू ठेवला. १८७३ साली शहा युरोपच्या प्रवासात लंडनला आले, तेव्हा तेथील पारशांनी त्यांना अर्ज सादर केला. आश्वासन मिळाले, कर राहिला. इकडे १८७६ साली मेरवानजी पांडे वारले. मंडळींची धुरा गिरणीमालक दिनशा माणेकजी पेटिट यांनी उचलली. अर्जामागून अर्ज, नजराण्यामागून नजराणे. अखेर तेहरानमधील ब्रिटिश वकिलातीतील रोनाल्ड थॉमसन यांचेही साह्य मिळून १८८२ साली शहाने फर्मान काढले : जरथुष्ट्री रयतेकडून जिझिया घेऊ नये, इतर प्रजेवर जे कर आहेत तेच त्यांच्यावर असावेत. माणेकजी मुंबईहून निघाल्याला तेव्हा २८ वर्षे झाली होती आणि मंडळींचे लाखाच्या वर रुपये खर्ची पडले होते.

साताऱ्याच्या श्रोत्यांना येथे एका दुसऱ्या माणसाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. छत्रपती प्रतापसिंह महाराजांना १८३९ साली पदच्युत केल्यावर त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि सुमारे चौदा वर्षे तेथे झगडत राहिले. महाराज १८४७ साली काशीस वारले, १८४८ साली राज्य खालसा झाले, तरी हा माणूस हटला नाही. माणेकजी इराणला निघाले, जवळजवळ त्याच सुमारास रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले. चिकाटी दोघांची सारखी. कदाचित रंगो बापूजींची अधिक. मग एकाला यश आणि दुसऱ्याला अपयश का? उत्तर कडू आहे. इंग्रजांना शहाच्या तिजोरीतला जिझिया जाण्यात काही तोटा नव्हता. उलट मुंबईच्या धनिक पारशांची मर्जी राखण्यात फायदाच होता. साताऱ्याचे राज्य परत देण्यात मात्र त्यांचा स्वतःचा तोटा होता. माणेकजींच्या यशाचे माप घेताना हे विसरता कामा नये. दुसऱ्याच्या घरचा अन्याय दूर करण्यास साम्राज्ये तत्पर असतात.

आणि हा नियम साम्राज्यांपुरताच आहे काय? यझ्दच्या त्या निर्बंधांची यादी मी मघाशी सांगितली. घोड्यावर बसायचे नाही, चांगले वस्त्र घालायचे नाही, उंच घर बांधायचे नाही, शिकायचे नाही. ही यादी ऐकताना आपल्यापैकी कित्येकांच्या मनात इराणविषयी आणि तेथल्या धर्माविषयी संताप आला असेल. पण ही यादी आपल्याला कोठे तरी ऐकल्यासारखी वाटत नाही काय? नावे बदला, मुलूख बदला, आणि ती आपल्याच गावकुसाबाहेरच्या माणसांची यादी होते. येथे ना परका धर्म होता, ना परका राजा. होता तो शेजारी.

याचा दाखला द्यायला सातारा जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. १९०१ च्या सुमारास खटाव तालुक्यात गोरेगाव येथे दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तलावाचे काम काढले होते. तेथे खजिनदार होते सुभेदार रामजी सकपाळ. त्यांना भेटण्यासाठी त्यांची मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. त्यांत एक होते नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर. जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन आणि गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर गाडी मिळाली. रात्रभराच्या त्या वाटेवर शिधोरी जवळ होती, पण कोणी पाणी देईना. ही हकीगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पाण्यासाठी तलाव खोदला जात होता, दुष्काळनिवारणाचे पैसे वाटले जात होते, ते वाटणाऱ्याचीच मुले त्या वाटेवर तहानलेली होती! सरकारने दान दिले होते. दाद कोणीच दिली नव्हती. ती मिळविण्यासाठी त्या मुलाला पुढे १९२७ साली महाडच्या तळ्यावर जावे लागले. आणि ज्यांचे मूळ गाव याच खटाव तालुक्यातले कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा यझ्दसाठी मुंबईचा फंड चालू होऊन १४ वर्षे झाली होती.

हे सांगण्यात मुंबईच्या त्या शेठियांना खाली पाहायला लावण्याचा हेतू नाही. त्यांच्या पैशांविषयीही एक गोष्ट उघड बोलली पाहिजे. त्या काळच्या मुंबईच्या व्यापारी वैभवात चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता, आणि दानाच्या ओंजळीत तोही पैसा होता. माणसाचे पुण्य आणि पाप एकाच वहीत लिहिलेले असते. इतिहासाने दोन्ही रकाने वाचावेत. परंतु दूरच्या भावाचे दुःख पाहून जो उठतो, त्याला जवळच्या शेजाऱ्याचे दुःख दिसेलच असे नाही, हे या हकीगतीतून निघणारे अनुमान टाळता येत नाही.

फर्मान निघाले म्हणून यझ्दमध्ये दुसऱ्या दिवशी सूर्य वेगळा उगवला नाही. कर गेला, पण वस्त्रांचे आणि स्वारीचे निर्बंध रूढीच्या जोरावर पुढेही रेंगाळले. १९०५ साली नेपियर माल्कम या इंग्रज पाद्र्याने यझ्दमधील आपल्या वास्तव्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात या निर्बंधांची नोंद आहे. पण मधल्या काळात शाळांतून शिकून एक पिढी बाहेर पडली होती. १९०६ साली इराणात पहिली मजलिस भरली, तेव्हा तीत जमशीद जमशीदियान हा जरथुष्ट्री व्यापारी सभासद म्हणून बसला. त्याच्यानंतर ती जागा केरमानच्या कैखुस्रो शाहरुख यांना मिळाली. मुंबईस येऊन शिकलेला हा माणूस पुढे अनेक वर्षे मजलिसीत होता. काही लोकांनी मात्र वाट पाहिली नाही. ते गावे सोडून मुंबई-पुण्यास आले आणि त्यांनी कोपऱ्यावरची दुकाने धरली. तुमच्या-आमच्या चहाच्या कपामागे इतका लांबचा प्रवास आहे.

श्रोतेहो, संकटाची आपल्या भागाला तोंडओळख नाही, तर चांगली ओळख आहे. १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनानगर हादरले. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, जत, आटपाडीची माणसे खडी फोडायला बसली. २००५ साली आणि पुन्हा २०१९ साली कृष्णेचे पाणी सांगलीच्या पेठांतून फिरले. प्रत्येक वेळी भाकऱ्यांच्या चळती, कपड्यांचे गठ्ठे आणि औषधांच्या पेट्या घेऊन माणसे धावली. ही धाव अमोल आहे. तिला कोणी कमी लेखू नये. उपाशी माणसाला कारणमीमांसा सांगत बसणे हा निर्दयपणा आहे. पण पाणी ओसरल्यावर काय? कोयनेच्या धरणासाठी ज्यांनी गाव सोडले, त्यांच्यातल्या कित्येकांना हक्काच्या जमिनीसाठी आपले आयुष्य कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर घालवावे लागले. त्यांना गठ्ठे नको होते. त्यांच्या अर्जाचा पाठपुरावा करणारा एखादा माणेकजी हवा होता.

मेरवानजी पांडे यांनी पैसे दिले, ते पुष्कळांनी दिले असते. त्यांनी पैशाबरोबर एक माणूस दिला, त्याला २२ वर्षे मागे हटू दिले नाही, आणि आपण गेल्यावरही काम चालावे अशी मंडळी मागे ठेवली. म्हणून फळ त्यांना दिसले नाही, तरी ते पिकले. माणेकजींनी मुंबईस पाठविलेल्या अहवालांत माणसांची मोजणी आहे, जमाखर्च आहे, कोणत्या खेड्यात काय पाहिले याची टिपणे आहेत. दयेला हिशेबाची जोड मिळाली, म्हणजे तिच्यातून संस्था उभी राहते. आणि संस्थेने हिशेबाबरोबर अन्यायाचीही नोंद ठेवली, म्हणजे त्यातून कायदा बदलतो. पुढल्या पावसाळ्यात कोठे पूर आला, तर भाकऱ्या बांधून आपण जाऊच. बरोबर एक वही आणि चिकाटीचा एक माणूसही न्यावा, आणि त्या माणसाला लवकर परत बोलावू नये.